कल्पना उसनी चालेल, घड्याळ उसने चालणार नाही

ठोकळ्यांचे जग, हातात कुदळ, खणा आणि रचा. असा एखादा ओपन सोर्स खेळ दिसला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "ही तर माइनक्राफ्टची नक्कल." लुआंटीला, म्हणजे ठोकळ्यांचे खेळ ज्यावर बनतात असे जे इंजिन ऑक्टोबर २०२४ पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखले जात होते त्याला, हे जन्मापासून ऐकावे लागले आहे. आरोप अगदीच निराधार नाही. पेर्टू आहोला या फिनिश प्रोग्रामरने २०१० च्या अखेरीस जे लिहायला घेतले ते माइनक्राफ्ट पाहूनच. पण आरोप करणारे ज्याला मूळ समजतात, ते तरी मूळ कुठे आहे?

झॅकरी बार्थ यांचा इन्फिनिमायनर २००९ च्या वसंतात आला. दोन संघांनी जमिनीखालचे खनिज खणून वर आणायचे, अशी त्यातली चुरस. खेळणाऱ्यांनी चुरस बाजूला ठेवली आणि ठोकळे रचत बसले. मार्कुस पेर्सन यांनी ते पाहिले आणि त्याच मे महिन्यात माइनक्राफ्टची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. प्रेरणा कुठली, हे त्यांनी कधी लपवले नाही आणि बार्थ यांनीही कधी चोरीचा आरोप केला नाही. इन्फिनिमायनरचा घात झाला तो वेगळ्याच कारणाने. तो सी-शार्पमध्ये लिहिलेला होता आणि कोड दडवण्याची काहीच तजवीज नव्हती. काही आठवड्यांत लोकांनी तो उलगडला. मग एकमेकांशी न जुळणाऱ्या आवृत्त्या निघाल्या, फसवणूक करणारे क्लायंट आले आणि सर्व्हरवर खेळणेच अवघड झाले. बार्थ यांनी काम थांबवले आणि पुढे कोड रीतसर खुला केला. म्हणजे कल्पना उचलली गेल्याने जगाला एक नवा खेळ मिळाला, आणि परवानगीशिवाय कोड फुटल्याने एक खेळ संपला. या दोन घटनांना एकाच शब्दाने, 'चोरी' म्हणून, हाक मारणे हाच या वादातला मूळ घोटाळा आहे.

कल्पनांची ने-आण दोन्ही दिशांना आणि मोकळेपणाने व्हावी, या मताबद्दल मला शंका नाही. पण आज दोन्ही बाजू ती वाईट रीतीने करतात. ओपन सोर्सवाले कल्पना घेताना तिच्यामागचे कारण सोडून आकडे उचलतात. बंदिस्त खेळांच्या कंपन्या समाजाकडून घेतलेल्याची परतफेड करताना हात आखडतात, आणि अलीकडे काही जण कल्पनेलाच पेटंटचे कुलूप लावू पाहतात.

आधी ही देवाणघेवाण किती जुनी आणि किती खोल आहे ते पाहू. माइनक्राफ्टमधला पिस्टन, म्हणजे ठोकळे ढकलणारा दट्ट्या, हा मुळात हिप्पोप्लॅटिमस या टोपणनावाच्या मॉडकर्त्याचा. (मॉड म्हणजे खेळात बाहेरच्यांनी घातलेली भर.) तो जून २०११ मध्ये बीटा १.७ सोबत अधिकृत खेळात आला. त्याआधी बीटा १.३ मध्ये जग साठवण्याची पद्धत बदलली, तीही मॉडमधूनच आली. पूर्वी जगाच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे चंकची, वेगळी फाइल असे आणि हजारो चिमुकल्या फाइलींनी डिस्क रडकुंडीला येई. स्केव्होलस या मॉडकर्त्याने ३२ × ३२ चंक एका फाइलीत बसवले आणि माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीने ते स्वीकारले. २०१३ चे घोडेही एका गाजलेल्या प्राणी-मॉडच्या कर्त्याला सोबत घेऊन आले. कारखाने उभारण्याच्या फॅक्टोरिओ या खेळाच्या निर्मात्यांनी माइनक्राफ्टच्या बिल्डक्राफ्ट आणि इंडस्ट्रियलक्राफ्ट या मॉडचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. मग फॅक्टोरिओचे पट्टे आणि कारखाने माइंडस्ट्री या, जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखालच्या, खेळात दिसतात, तेव्हा ती कुणाची नक्कल म्हणायची? पायाच्या दगडांपर्यंत गेले तर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती एलडब्ल्यूजेजीएल या ओपन सोर्स लायब्ररीवर उभी आहे. रोब्लॉक्स या खेळ-मंचाची लुआउ ही भाषा ब्राझीलमधल्या विद्यापीठात जन्मलेल्या लुआपासून निघाली. रोब्लॉक्सने ती २०२१ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुली केली. लुआंटीचे मॉडही लुआतच लिहितात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वीट एकाच भट्टीची आहे.

कायद्याची रेषा या बाबतीत बरीच स्पष्ट आहे. कल्पनेवर कॉपीराइट नाही, तिच्या मांडणीवर आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हेच सांगितले. खेळांपुरते पाहायचे तर २०१२ चा न्यू जर्सीतला टेट्रिस होल्डिंग विरुद्ध झिओ हा निकाल उपयोगी पडतो. पडणारे तुकडे रचून ओळ पूर्ण करायची हा नियम कुणीही घ्यावा. पण तुकड्यांचे दिसणे, २० × १० चा फलक, बारीकसारीक दृश्य सगळे तसेच घेतले तर ते उल्लंघन. ठोकळ्यांच्या खेळाला हे लावले तर खाणकाम, भट्टी, संकेत वाहून नेणारी भुकटी, वस्तू खाली सोडणारे नरसाळे हे सगळे मोकळे. १६ × १६ पिक्सेलचे चित्र, आवाज, राक्षसाचा विशिष्ट चेहरा आणि नाव हे मोकळे नाही. माइनक्लोन २ या लुआंटीवरच्या खेळाने याची चांगली सोय केली. त्याची चित्रे पिक्सेल पर्फेक्शन या संचातून आली. तो संच माइनक्राफ्टसाठीच बनला होता, पण कर्त्याने तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-आणि-समान-वाटप परवान्याखाली दिला होता. चित्रे माइनक्राफ्टसारखी दिसतात, पण माइनक्राफ्टची नाहीत. २०२४ मध्ये खेळाचे नावही बदलून व्हॉक्सेलिब्रे झाले, आणि ते योग्यच झाले. नावात 'क्लोन' असल्यावर दुसऱ्याला नक्कल म्हणू नका असे कोणत्या तोंडाने सांगणार?

खरी गंमत, आणि खरी फसगत, पुढे आहे. नरसाळ्याचेच घ्या. माइनक्राफ्टच्या घड्याळात सेकंदाला २० ठोके पडतात आणि नरसाळे दर ८ ठोक्यांनी एक वस्तू सरकवते. म्हणजे ०.४ सेकंदाला एक, सेकंदाला अडीच. लुआंटीत मॉड लिहिणारा हा आकडा बघतो आणि एबीएम वापरून नरसाळे बनवतो. एबीएम म्हणजे विशिष्ट ठोकळ्यांवर ठरावीक काळाने चालणारे फंक्शन. पण लुआंटीत एबीएमची फेरी डिफॉल्ट सेटिंगमध्ये दर १ सेकंदाला होते. परिणाम: सेकंदाला एकच वस्तू आणि "शेत तुंबते" अशा तक्रारी. मग तो नोड टायमरकडे, म्हणजे एकेका ठोकळ्याला लावलेल्या घड्याळाकडे, वळतो. टायमरची तपासणी डिफॉल्टने ०.२ सेकंदाला आणि सर्व्हरचे पाऊल, म्हणजे जग पुढे सरकवणारी एक फेरी, ०.०९ सेकंदाचे. ०.४ ला ०.०९ ने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे टायमर ठरल्या वेळेनंतरच्या पुढच्या पावलावर वाजतो आणि थोडा थोडा घसरत जातो. एकट्या नरसाळ्याला याने काही होत नाही. पण चार नरसाळ्यांची साखळी आणि तिच्यावर चालणारी छाननी यंत्रणा असेल तर ठोके एकमेकांना चुकतात आणि एखादी वस्तू नको त्या पेटीत जाते.

उपाय आहे, आणि तो लुआंटीच्या स्वभावातलाच आहे. टायमरच्या फंक्शनला किती वेळ लोटला तो आकडा मिळतो. प्रत्येक वाजण्याला एक वस्तू असे न धरता लोटलेल्या वेळेला ०.४ ने भागायचे, तितक्या वस्तू हलवायच्या आणि उरलेला अपूर्णांक ठोकळ्याच्या मेटाडेटात, म्हणजे त्याच्यासोबत साठवलेल्या माहितीत, जपून ठेवायचा. मात्र कमाल मर्यादा घालायलाच हवी. खेळाडू तासभर लांब गेला आणि परत आला की त्या ठोकळ्याला ३६०० सेकंद एकदम मिळतात, म्हणजे ९००० वस्तूंचा हिशोब एका झटक्यात, आणि सर्व्हर अडखळतो. एका वेळी एक थप्पी, म्हणजे ६४, ही मर्यादा पुरते. दुसरी चूक याहून महाग पडते. वस्तू आधी वरच्या पेटीतून काढायची आणि मग खालची पेटी शोधायची, असा क्रम लिहिला आणि खालचा भाग तेव्हा लोड झालेला नसेल, तर ठोकळ्याच्या जागी 'इग्नोर' मिळते आणि वस्तू हवेत विरते. म्हणून आधी खालची पेटी आहे का, तिच्यात जागा आहे का, हे तपासायचे. घालणे साधले तरच वरून काढायचे. माइनक्राफ्टचे नरसाळे वर्षभर निरखले तरी हे कळणार नाही, कारण हा प्रश्न माइनक्राफ्टचा नाहीच. तो लुआंटीच्या १६ × १६ × १६ ठोकळ्यांच्या तुकड्याचा, म्हणजे मॅपब्लॉकचा, आणि खेळाडूभोवतीच्या चार मॅपब्लॉकच्या, म्हणजे ६४ ठोकळ्यांच्या, डिफॉल्ट सक्रिय कक्षेचा आहे.

मेसेकॉन्स या मॉडचे मला कौतुक वाटते ते यामुळेच. वीज वाहून नेणारी तार आणि दिवा ही कल्पना रेडस्टोनचीच, म्हणजे माइनक्राफ्टमधल्या संकेत वाहणाऱ्या भुकटीची. पण मेसेकॉन्सने दुसऱ्याचे घड्याळ आणले नाही, आपली कामांची रांग स्वतः लिहिली आणि ती सर्व्हरच्या पावलांवर चालवली. शिवाय ल्युआकंट्रोलर नावाचा ठोकळा दिला: चार बाजूंना चार पिना आणि आत थेट लुआचा कोड. रेडस्टोनमध्ये जो घड्याळ-दरवाजा बांधायला खोलीभर जागा आणि दुपारभर वेळ जातो, तो इथे सहा-सात ओळींत होतो. यात हरवतेही काहीतरी. खोलीभर जागेत मंडळ बसवण्याची जी खुमखुमी आहे, ती सात ओळींत नाही. पण निवड विचारपूर्वक केलेली आहे, आकड्यांच्या तक्त्यातून उतरलेली नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण जगाच्या खोलीचे, म्हणजे किती खाली खणता येते त्याचे. माइनक्राफ्टचे जग उभ्या खांबांत साठवले जाते, म्हणून त्याची उंची सुरुवातीपासून मोजकी: आधी १२८, २०१२ मध्ये २५६, आणि २०२१ च्या १.१८ मध्ये ३८४. ही मर्यादा सोयीतून आली, सौंदर्यदृष्टीतून नाही. लुआंटी तिन्ही दिशांना घन तुकड्यांत साठवते. वर आणि खाली सुमारे ३१,००० ठोकळे जाता येते. (आडव्या दिशेला मात्र माइनक्राफ्टचे तीन कोटी आणि लुआंटीचे तेच ३१,०००, हेही सांगायला हवे.) आता माइनक्लोन २ ने काय केले? उणे ६२ वर न फुटणारा खडक अंथरला आणि नेदर हे दुसरे जग त्याच नकाशात सुमारे २९,००० ठोकळे खाली ठेवले. दुसरे जग खोलवर लपवण्याची क्लृप्ती हुशारीची आहे, इंजिनात वेगळी जगे नसल्याची अडचण तिने सोडवली. पण खाणकामाच्या खेळात हजारो ठोकळे खोल जाण्याची सोय फुकट मिळालेली असताना तिच्यावर झाकण घालणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातली बुटकी तुळई आपल्या घरात हौसेने बसवणे. ज्यांना माइनक्राफ्टच हवा आहे त्यांच्यासाठी तो खेळ बनला आहे, त्यामुळे त्याच्यापुरते ते क्षम्य. डिसेंबर २०२३ मध्ये, ५.८ आवृत्तीपासून, लुआंटीने इंजिनासोबत एकच खेळ बांधून देणे थांबवले. इंजिन वेगळे, खेळ वेगळे हे त्याने निदान दिसू लागले.

उसनवारीची नोंद ठेवण्याच्या बाबतीत मात्र ओपन सोर्सवाल्यांनी बंदिस्त कंपन्यांपेक्षा कडक असायला हवे, कारण वकील त्यांच्याकडे नाहीत. बुकिटचे प्रकरण विसरता कामा नये. माइनक्राफ्ट सर्व्हरला प्लगइन जोडण्यासाठी बनलेला हा प्रकल्प. त्याच्या मुख्य मंडळींना मोजांगने २०१२ मध्ये नोकरीवर घेतले. क्राफ्टबुकिटमध्ये एकीकडे एलजीपीएल परवान्याखालचा स्वयंसेवकांचा कोड आणि दुसरीकडे मोजांगचा उलगडलेला कोड एकाच पुडक्यात होता. सप्टेंबर २०१४ मध्ये एका योगदानकर्त्याने कॉपीराइटची नोटीस धाडली: माझा कोड ज्या अटीवर दिला ती अट हे पुडके पाळत नाही. डाउनलोड बंद झाले आणि जगभरचे सर्व्हर अडकले. बुकिटमधूनच निघालेल्या स्पिगॉट या प्रकल्पाने नंतर वाट काढली ती अशी की तयार फाइल वाटायचीच नाही. बिल्डटूल्स नावाचे साधन द्यायचे, ते मोजांगकडून मूळ सर्व्हर उतरवते आणि वापरणाऱ्याच्याच यंत्रावर दुरुस्त्या जोडते. तो कोड त्या पुडक्यात अनेक वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत होता, आणि नोटीस मात्र एका सकाळी आली.

म्हणून एखादे वैशिष्ट्य घ्यायचे असेल तर कामाची पद्धत कंटाळवाणी ठेवावी. खेळ खेळून वागणूक टिपायची, आकडे स्वतः मोजायचे, आणि काय होते ते आपल्या शब्दांत लिहायचे. ज्याने मूळ कोड उलगडून वाचला आहे त्याने कोड लिहू नये. फार तर टिपण वाचून चूक सांगावी. माइनक्राफ्ट विकीवरून आकडा घ्यायला हरकत नाही, तथ्यावर मालकी नसते. पण तिथला मजकूर अव्यावसायिक वापरापुरत्या परवान्याखाली आहे, आणि तो जीपीएल खेळाच्या मदत-पुस्तिकेत चिकटवला की परवाने एकमेकांना धरून राहत नाहीत. ही चूक वारंवार होते, कारण वस्तूचे वर्णन दोनच ओळींचे असते आणि दोन ओळींनी काय होणार असे वाटते. दडवलेल्या कोडातल्या निरर्थक नावांना वाचता येतील अशी नावे देणारा तो नावकोश. फॅब्रिक मॉड-मंचाच्या यार्न या नावकोशाने याहून पुढची शिस्त पाळली: मोजांगचा अधिकृत नावकोश ज्याने पाहिला त्याने यार्नमध्ये भर घालू नये.

आता दुसरी बाजू. मोजांगने काही चांगले पायंडे पाडले, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये आज्ञा वाचणारी ब्रिगेडियर ही लायब्ररी एमआयटी परवान्याखाली दिली. २०१९ मध्ये दडवलेल्या कोडचे नावकोश प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर जावा आवृत्तीतला कोड यापुढे दडवणारच नाही असे जाहीर केले. यातल्या कशानेही माइनक्राफ्ट मुक्त झाला नाही. विक्री बुडाली असेही नाही. मॉडकर्ते वर्षानुवर्षे जो कोड रात्री जागून उलगडत होते तो त्यांच्यासमोर ठेवल्याने कंपनीचे नुकसान होत नाही, हे कळायला इतकी वर्षे लागली एवढेच. ज्या खेळाने पिस्टन, फाइलीची रचना आणि घोडे समाजाकडून घेतले त्याने निदान एवढे द्यावे, ही अपेक्षा मोठी नाही.

पेटंटचे प्रकरण मात्र चिंतेचे आहे. पालवर्ल्ड हा जगण्या-बांधण्याचा खेळ जानेवारी २०२४ मध्ये आला, आणि त्याच सप्टेंबरात निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोत पेटंटच्या आधारावर दावा लावला. चित्रांवर नाही, नावांवर नाही. गोळा फेकून प्राणी पकडणे-सोडणे आणि प्राण्यावर स्वार होणे अशा क्रियांवर. ज्या पेटंटांवर दावा उभा आहे ती पालवर्ल्ड आल्यानंतर, जुन्या अर्जातून फोडून दाखल केलेली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालवर्ल्डने गोळा फेकून प्राणी बोलावणे काढून टाकले, आणि मे २०२५ मध्ये प्राण्याला धरून तरंगण्याऐवजी ग्लायडर आणला. विकला जाणारा खेळ इतका तरी बदल करू शकतो. दोन स्वयंसेवकांचा मॉड पहिल्या पत्रालाच काढून टाकला जाईल. आपल्या पेटंट कायद्यातले ३(के) हे कलम निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. पण पुण्यात लिहिलेला खेळ जपानमध्येही उतरवला जातो, तेव्हा ते कलम सोबत जात नाही. सिम्प्लेक्स नॉइजच्या वेळी हेच घडले होते. डोंगर-दऱ्या निर्माण करायच्या या गणिती पद्धतीच्या काही वापरांवर अमेरिकेत पेटंट होते, म्हणून २०१४ मध्ये ओपनसिम्प्लेक्स ही वेगळी पद्धत रचावी लागली. पेटंट २०२२ च्या जानेवारीत संपले. मधल्या काळात किती जणांनी कशाला वळसा घातला याचा हिशोब कोण ठेवतो?

कल्पना सर्वांच्या, कोड लिहिणाऱ्याचा, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत होईल. तिसरी गोष्ट राहून जाते: खेळाडूने बांधलेले जग. लुआंटीत ते डिफॉल्टने एसक्यूलाइट या खुल्या डेटाबेसच्या एका फाइलीत असते आणि तिची रचना इंजिनाच्याच कागदपत्रांत लिहिलेली आहे. माइनक्राफ्टच्या फाइलींची रचना मुख्यतः समाजाने निरखून लिहून काढली. माइनक्राफ्टमधून लुआंटीत जग आणणारी साधने आहेत, आणि ती वापरताना कळते की दस्तऐवज नसण्याची किंमत काय. माइनक्राफ्टमध्ये झेड अक्ष दक्षिणेला वाढतो, लुआंटीत उत्तरेला. चिन्ह उलटवायचे राहिले तर सगळे गाव आरशात पाहावे तसे येते. चिन्ह उलटवले पण जिन्यांची दिशा सांगणारे मूल्य तसेच ठेवले, तर घरे बरोबर आणि जिने पाठमोरे. ज्या ठोकळ्याला जोडीदार नाही तो 'अज्ञात' म्हणून उभा राहतो. रेडस्टोनची यंत्रे जशीच्या तशी चालत नाहीत, आणि मघाशी पाहिलेल्या घड्याळाच्या कारणाने ती चालणारही नाहीत. बाकीचे सगळे येऊ शकते, कंपनीने प्रत्येक आवृत्तीसोबत फाइलीच्या रचनेचे चार पानांचे टिपण दिले तर. कोड त्यांनी खुशाल कुलपात ठेवावा. मुलांनी तीन-चार वर्षे खपून बांधलेले गाव वाचायला मात्र कंपनीचाच प्रोग्राम लागू नये.